जोशी-साठे कंपनीचा शिक्का

मत द्यायला रबरी शिक्का लागतो हे आधी माहीत असतं, तर मी माद्रिदहून येतानाच एक करून आणला असता.

थोडी कुळकथा सांगते. लग्न होऊन माद्रिदला गेले, यथावकाश तिथली नागरिक झाले, भारतीय पासपोर्ट परत केला, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घेऊन पुन्हा पुण्यात आले. म्हणजे कागदोपत्री मी परदेशी राहणारी स्पॅनिश बाई, आणि परदेश म्हणजे माझं माहेर! आल्या आल्या मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटमध्ये रहिवासी म्हणून नाव नोंदवलं होतं. त्यात काही अडलं नाही.

2023 चा उन्हाळा, म्हणजे स्पेनमधला. आमच्याकडे गॅलरीतले कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते. 28 मे रोजी स्पेनमधल्या स्थानिक निवडणुकांत पंतप्रधान सांचेझ यांच्या समाजवादी पक्षाला दणका बसला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली. तारीख 23 जुलै. ऐन उन्हाळ्यात, अर्धा देश समुद्रावर असताना! तिथे मतदान केंद्रावर बसायला सामान्य नागरिक सोडतीनं निवडतात. नणंदेचं नाव निघालं, तिची सुट्टी बोंबलली, आणि रोज व्हॉट्सॲपवर आम्हाला ते ऐकावं लागलं.

परदेशातल्या मतदारांना 2011 पासून मतपत्रिका अर्ज करून मागाव्या लागत. लोक त्याला ‘व्होतो रोगादो’ म्हणत, म्हणजे विनवणी करून मिळवलेलं मत. 2022 च्या कायद्यानं ती कटकट संपवली. आता पाकीट आपसूक घरी येतं. घरी म्हणजे कुणाच्या घरी, हा पुढचा प्रश्न.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. नागरिकत्व घेताना माझ्याही नावापुढे आईचं माहेरचं आडनाव लागलं आणि मी झाले जोशी साठे. सोसायटीच्या पाटीवर मात्र फक्त जोशी. त्यात पाकिटाच्या खिडकीतून नेमकी आडनावंच दिसत होती, नाव घडीत गेलेलं. वॉचमननं पोस्टमनला ठणकावून सांगितलं, “असं कोणी इथे राहत नाही.” हे मला कळलं आठवड्यानं, तेही लिफ्टमध्ये, सहज बोलता बोलता.

धावत टपाल कार्यालयात गेले. पाकीट होतं, काउंटरवरच्या काकांच्या हातात होतं, पण माझ्या हातात येईना.

“जोशी साठे. फर्म आहे ना?”

“नाही हो, मी आहे.”

“दोघींपैकी कोण?”

पासपोर्ट दाखवला. काकांनी तो आडवा-उभा धरला, पानं उलटली आणि म्हणाले, “ह्याच्यातही दोघींचं आहे. असं करा, लेटरहेडवर ऑथॉरिटी लेटर आणा, खाली कंपनीचा शिक्का.” मी आईचं माहेर, स्पेनची रीत, सगळं सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना ते फार पटलं, “आईचं नाव लागलंच पाहिजे,” म्हणाले. काकांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ओसीआय कार्ड नेलं, काका रजेवर. त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. मग शनिवार, रविवार. तोवर 15 तारीख उलटली होती. कॉन्सुलेटमधली मतपेटी 15 ते 20 जुलै एवढीच उघडी असणार होती, आणि इथून टपालानं मत पाठवायचा धीर आता मला उरला नव्हता.

सोमवारी, 17 ला, आईलाच घेऊन गेले. तिनं लग्नपत्रिका नेली होती, स्वतःची, चि. सौ. कां. साठे असं छापलेली. काकांनी ती दोनदा वाचली, हसले, सही घेतली आणि पाकीट दिलं. कुठल्या नियमात बसलं देव जाणे.

हो, मतपत्रिका राहूनच गेल्या तरी घाबरू नका, त्या संकेतस्थळावरून छापून घेता येतात. जपायचं ते पाकिटातलं मतदार नोंदणीचं प्रमाणपत्र. ते हरवलं तर पेच. कनिष्ठ सभागृहासाठी पांढरा कागद, एका पक्षाची अख्खी यादी, माद्रिदची म्हणजे 37 जागांची. सिनेटचा कागद पिवळसर, त्यावर तीनपर्यंत फुल्या. फुल्या घरूनच मारून न्या.

18 ला सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरली. कॉन्सुलेटमध्ये पाच मिनिटांचं काम. बाईंनी पासपोर्ट आणि प्रमाणपत्र पाहिलं, पाकिटावर ठप्पकन शिक्का मारला आणि मतपेटीकडे बोट केलं. शिक्का! मी इतकी हसले, की त्यांनी मला पाणी विचारलं.

आणि पाटीवर दोन्ही आडनावं लावा, वॉचमनलाही सांगून ठेवा. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

23 च्या रात्री विरोधातल्या पीपी पक्षाच्या 136 जागा, समाजवादींच्या 122. परदेशातली मतं 28 ला मोजली, आणि माद्रिदची एक जागा इकडची तिकडे झाली: 137 आणि 121. त्या एका जागेनं सांचेझ यांचं गणित अवघड झालं, सरकार बनवायला नोव्हेंबरपर्यंत त्यांना बेरजा कराव्या लागल्या. माझं मत कुणाला, ते विचारू नका, नणंदेलाही सांगितलेलं नाही. पण त्या ढिगाऱ्यात एक पाकीट जोशी साठेंचं होतं.