नैरोबीतला फुंडी आणि आमचे ब्रेक शू

केनियाला माल पाठवायला लागून आता चार वर्षं होतील. अधूनमधून कुणाचा तरी फोन येतोच, आम्हाला पण आफ्रिकेत एक्स्पोर्ट करायचंय, कुठून सुरुवात करू, तिकडची एखादी पार्टी आहे का ओळखीची. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

संभाजीनगरजवळ वाळूजला आमचं टू व्हीलरच्या ब्रेक शूचं (ब्रेक दाबला की चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा भाग) छोटं युनिट आहे. बजाजची बॉक्सर आता इकडे फारशी दिसत नाही पण केनिया-युगांडात ती बोडाबोडा म्हणजे बाइक टॅक्सी म्हणून गल्लोगल्ली पळते. (हे नाव बॉर्डरवरून पडलंय, दोन देशांच्या मधल्या पट्ट्यातून सायकलवर लोकांना नेणारे ‘बॉर्डर, बॉर्डर’ असं ओरडायचे.) आम्ही विचार केला, गाडी आपल्याकडचीच आहे मग शू पण आपलाच चालेल, आणि तिकडे न जाताच फोनवर रेट ठरवून माल पाठवून दिला.

पहिल्याच कन्साइनमेंटला दणका बसला. केनियाला जाणारा माल जहाजावर चढायच्या आधी इकडेच तपासून सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी, म्हणजे माल त्यांच्या मानकांत बसतो असा दाखला, घ्यावं लागतं, २००५ पासूनची पद्धत आहे ही. मी समजून बसलो की पोचल्यावर पण होतं. मोंबासा पोर्टवर पेट्या अडकल्या, तिथे परत तपासणी, दंड, वर डेमरेज म्हणजे पोर्टवर माल पडून राहिल्याचं भाडं, पहिल्या ऑर्डरचा सगळा नफा त्यातच गेला. चूक शंभर टक्के माझी होती.

मग मात्र तिकीट काढून गेलो. नैरोबीत किरिन्यागा रोड म्हणून भाग आहे, स्पेअर पार्टच्या दुकानांची रांगच रांग. दुकानदारांत गुजराती बरेच. १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी तिकडे रेल्वे टाकली तेव्हा आपल्याकडून हजारो मजूर नेले होते, त्यांच्या पाठोपाठ व्यापारी पण गेले आणि तिथलेच झाले. आमचा माल घेणारे काका पण असेच, तिसरी पिढी, हिंदीत मस्त बोलणं झालं. स्वाहिलीत दुकानाला पण ‘दुका’च म्हणतात हे ऐकून फार बरं वाटलं.

काकांच्या काउंटरला मी दोन दिवस नुसता बसून होतो आणि माझ्या मते धंद्यातलं सगळ्यात कामाचं मी त्या दोन दिवसांत शिकलो. गिऱ्हाईक म्हणून रायडर कमी येतो, येतो तो फुंडी, म्हणजे मेकॅनिक. एका फुंडीनं आमचा शू हातात घेतला, गाडीतून काढलेला जुना शेजारी ठेवला, लायनिंगच्या (शूवरच्या घासणाऱ्या थराच्या) कडेला अंगठ्याचं नख रुतवून बघितलं, मग काउंटरच्या लोखंडी पट्टीवर टकटक आपटून आवाज ऐकला आणि परत ठेवून दुसऱ्या कंपनीचा घेऊन गेला. काका म्हणाले, तो म्हणतोय हा चिखलात महिनाभर पण टिकणार नाही. आणि खरंच होतं ते! मागे दोन-तीन माणसं नाहीतर कोळशाची पोती, लाल मुरमाचा रस्ता, पावसात तो लाल गाळ ड्रममध्ये शिरतो आणि लायनिंग पॉलिश पेपरनं घासल्यासारखं जातं. रायडरला गाडीमालकाचं रोजचं भाडं किंवा लोनचा हप्ता भरायचा असतो, गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची चूल अडते. म्हणून तो फुंडीच्या शब्दावर चार पैसे जास्त द्यायला तयार असतो, आणि आम्ही इकडे रेट कमी करण्यात डोकं घालत बसलो होतो.

परत आल्यावर लायनिंगचा कंपाउंड म्हणजे मिश्रण बदललं, गाळ बाहेर पडायला खाचा दिल्या आणि पॅकिंग एकेका जोडीचं केलं, कारण तिथे एक जोडी घेऊन लगेच मोबाइलवरून एम-पेसा करतात, म्हणजे फोनवरूनच पैसे पाठवतात, डझनाचा बॉक्स कुणाला नको असतो.

पैशाचं मात्र जपून. आमचं बिल डॉलरमध्ये, काकांची वसुली शिलिंगमध्ये, म्हणजे केनियाच्या चलनात. २०२३ च्या सुरुवातीला डॉलरला १२३ च्या आसपास शिलिंग लागायचे, जानेवारी २०२४ पर्यंत १६० वर गेले. ९० दिवसांच्या उधारीत काकांचं मार्जिनच संपायला लागलं, मग आम्ही उधारी ४५ दिवसांवर आणली, ऑर्डर लहान केल्या आणि ईसीजीसीचा (परदेशी गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर भरपाई देणारी सरकारी कंपनी) विमा घेतला. दोन-तीन महिन्यांत शिलिंग परत १३० च्या आसपास आला, पण त्या काळात काकांनी एकही पेमेंट बुडवलं नाही याची मला कायम जाण आहे.

पुढच्या महिन्यात युगांडात कंपालाला चाललोय. कोटेशन अजून कुणालाच पाठवलेलं नाही, बॅगेत बारा जोड्या सॅम्पल आणि काकांनी दिलेला एका दुकानाचा पत्ता, बस.