भाडेकरार संपल्यावर भाडेकरूचे काय हक्क उरतात?

गोव्यात, विशेषतः बार्देश आणि पेडणे तालुक्यांच्या किनारपट्टीत, सप्टेंबर महिना भाडेकरूंसाठी काळजीचा असतो. ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम सुरू होतो आणि जे घर एखाद्या कुटुंबाला महिन्याच्या भाड्याने दिलेले असते, तेच पर्यटकांना दिवसाच्या दराने देता येते. त्यामुळे अकरा महिन्यांची मुदत संपत आली की ‘एक तारखेला घर रिकामे पाहिजे’ असा फोन येतो. मालक लंडनला किंवा आखातात असतो, आणि फोन करणारा त्याचा पुतण्या किंवा एजंट असतो. सिंधुदुर्गातून नोकरीसाठी म्हापसा, पर्वरी, वेर्णा येथे आलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्या फोननंतर घाबरून मिळेल त्या खोलीत सामान हलवतात आणि अनामत रकमेवर पाणी सोडतात. मी स्वतः पर्वरीत भाड्याच्या घरात राहतो आणि ही घाबरगुंडी जवळून पाहत आलो आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भाडेकरूला न आवडणारी गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 111 नुसार ठरलेली मुदत संपली की भाडेपट्टा आपोआप संपतो. त्यासाठी मालकाने वेगळी नोटीस देण्याची गरज नसते. करारात लिहिलेली एक महिन्याची नोटीस सहसा मुदतीच्या आत करार मोडायचा असेल तेव्हासाठी असते, परंतु ‘नोटीस मिळालेली नाही, म्हणून मी राहू शकतो’ असा समज अनेकांचा असतो. कलम 108 प्रमाणे मुदत संपल्यावर घराचा ताबा परत देणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. ताबा अडवून ठेवल्यास पुढे न्यायालय जुन्या भाड्याने नव्हे, तर बाजारभावाने नुकसानभरपाई द्यायला लावू शकते.

पण मुदत संपली म्हणून मालकाला कुलूप बदलण्याचा अधिकार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली एका परवाना कराराच्याच (‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे जागा फक्त वापरू देणाऱ्या कराराच्या) प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, स्थिर ताबा असलेल्या व्यक्तीला तेथे राहण्याचा हक्क उरला नाही असे गृहीत धरले, तरी मालक तिला कायद्याच्या मार्गाखेरीज बाहेर काढू शकत नाही. बळजबरीने बाहेर काढलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली ताबा परत मागण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. मात्र तो सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्नच नसतो. ताबा कोणाकडे होता आणि तो कायदेशीर मार्गाने काढून घेतला का, एवढेच पाहिले जाते.

माझ्या परिचयातील एक परिचारिका रात्रपाळी संपवून सकाळी घरी आली, तेव्हा कडीला नवे कुलूप होते आणि व्हरांड्यात गॅसची शेगडी, कपड्यांची दोन बोचकी आणि मुलीचे दप्तर काढून ठेवलेले होते. करार संपून आठवडाही झाला नव्हता. पोलीस चौकीवर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगून तिची बोळवण करण्यात आली. तिने तरीही लेखी तक्रार दिली, तिच्या प्रतीवर पोच घेतली, कुलपाचे आणि सामानाचे फोटो काढले आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. वकिलाची नोटीस गेल्यावर कुलूप उघडले आणि तिला नवे घर शोधण्यापुरता वेळ मिळाला. तिला त्या घरात कायमचे राहायचे नव्हतेच. सामान रस्त्यावर न येता, दिवसाउजेडी आणि मानाने निघायचे होते, आणि तेवढे मागणे प्रत्येक भाडेकरूचा हक्क आहे असे मी मानतो.

गोव्यात याखेरीज 1968 चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. जेथे तो लागू होतो, तेथे करारात काहीही लिहिलेले असले तरी भाडेकरूला त्या कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज आणि त्यातील रीत पाळल्याखेरीज काढता येत नाही, आणि ही प्रकरणे भाडे नियंत्रकापुढे चालतात. सर्वच इमारतींना तो लागू नाही, म्हणून करार घेऊन वकिलाला एकदा दाखवणे हा पहिला खर्च समजावा. आपल्या करारावर ‘भाडेपट्टा’ लिहिले आहे की ‘लिव्ह अँड लायसन्स’, यावरूनही पुढचे बरेच ठरते. पण केवळ मथळ्यावरून नाही. घराचा पूर्ण आणि स्वतंत्र ताबा खरोखर दिला होता का, हे न्यायालय पाहते, आणि ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1959 पासून घेतलेली आहे.

अकरा महिन्यांचीच मुदत का, याचे उत्तर नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये आहे: एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. गोव्यात त्याच्या जोडीला कुळ आणि मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा) यांच्यासाठीच्या कायद्यांची आठवणही आहे. एकदा आत आलेला माणूस पुन्हा निघणार नाही, ही भाटकारांच्या घरांतून आलेली भीती आजच्या फ्लॅटमालकांच्या मनातही असते. वास्तविक घरभाडे देऊन राहणारा माणूस 1975 च्या मुंडकार कायद्याच्या व्याख्येत येत नाही, आणि हे मालकाला शांतपणे सांगितले तर अर्धा तणाव निवळतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात. मालक म्हणतो, ‘राहा, बघू नंतर’, आणि भाडेकरू नेहमीप्रमाणे फोनवरून भाडे पाठवतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 116 सांगते की मुदतीनंतर मालकाने भाडे स्वीकारले किंवा राहण्यास अन्य प्रकारे संमती दिली, तर विरुद्ध करार नसल्यास राहत्या घराचा भाडेपट्टा महिना-दरमहिना चालू राहतो, आणि मग तो संपवण्यासाठी कलम 106 प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून पाठवताना ‘ऑक्टोबरचे घरभाडे’ असे स्पष्ट लिहावे आणि मालकाच्या होकाराचा संदेश जपून ठेवावा. करारात ‘मुदतीनंतर दिलेली रक्कम भाडे मानली जाणार नाही’ असे कलम असेल, तर मात्र या आधारावर विसंबू नये.

अनामत रकमेचा वाद गोव्यात बहुधा भिंतीपाशी सुरू होतो. चिऱ्याच्या भिंतीला चार महिन्यांच्या पावसात ओल धरते, रंगाला पोपडे येतात, कपाटामागे काळी बुरशी चढते, आणि घर सोडताना मालक संपूर्ण रंगकामाचा खर्च अनामतीतून वजा करतो. कलम 108 भाडेकरूवर घर पूर्वीच्या स्थितीत परत देण्याची जबाबदारी टाकते, पण वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळते. छतातून झिरपलेले पाणी भाडेकरूने आणलेले नसते. फुटलेला बेसिन किंवा भिंतीला पाडलेली भोके यांचा खर्च देणे रास्त आहे. पावसाचा खर्च देणे रास्त नाही. हे सिद्ध करायचे तर घरात शिरतानाचे फोटो हवेत, आणि गळती सुरू झाली त्याच आठवड्यात मालकाला लेखी कळवलेले हवे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे घेण्याची तरतूदही त्यातच आहे. तो नमुना आहे, आणि राज्याने त्यावरून कायदा केल्याशिवाय भाडेकरूला त्यावर हक्क सांगता येत नाही.

किल्ल्या देताना एका कागदावर तारीख, किल्ल्यांची संख्या, वीजमीटरचे वाचन, भरलेल्या शेवटच्या वीज व पाणी बिलांचा उल्लेख आणि परत मिळालेली किंवा बाकी असलेली अनामत लिहून दोघांनी सही करावी. रक्कम ‘पुढच्या आठवड्यात’ देतो असे मालक म्हणाला, तर तो आठवडा तारखेसह त्याच कागदावर यावा. येणे असलेल्या रकमेसाठी साधारणतः तीन वर्षांत दावा लावता येतो, परंतु त्यासाठी रक्कम कोणाकडे दिली हे दाखवावे लागते. गोव्यात एकाच घराला अनेक वारस असतात आणि करारावर सही मात्र एकाची असते, म्हणून ज्याची सही आहे त्याच्याच खात्यात अनामत भरावी, एजंटाच्या नव्हे, आणि मागणीपत्रही त्याच्याच नावाने पाठवावे.