तुम्ही विचारलंत म्हणून: स्थळाच्या बायोडेटात किती लिहायचं?

घरात स्थळं बघायला सुरुवात झाली की हा प्रश्न हमखास येतो. बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपच्या वधू-वर ग्रुपवर टाकायचाय, त्यात काय लिहावं आणि काय नको? लगेच पुढची शंका येते: कमी लिहिलं तर समोरच्यांना वाटेल, हे काहीतरी लपवताहेत.

पूर्वी पत्रिका आणि फोटो मध्यस्थाच्या हातून जायचे. त्याला दोन्ही घरं माहीत असायची आणि जमलं नाही तर फोटो परत करण्याची रीत होती. आता एका ग्रुपमध्ये 1024 पर्यंत माणसं असू शकतात आणि तिथे गेलेली पीडीएफ परत येत नाही. म्हणून माझं उत्तर असतं की कागद दोन करा. पहिला ग्रुपवर जाणारा, अर्ध्या पानाचा. दुसरा सविस्तर, पण तो फक्त ज्या घराशी फोनवर बोलणं झालंय त्याच घराला. परंपरेतला मध्यस्थ गेला, त्याच्या जागी ही दुसरी पायरी येते.

सगळ्यात जास्त अडतं ते जन्मतारखेवर. ‘तारीख, वेळ, स्थळ नसेल तर पत्रिका कशी बघणार?’ गुणमेलनापुरतं बोलायचं तर यातलं काहीही लागत नाही. वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7 आणि नाडी 8 असे 36 गुण होतात, आणि ते सगळे चंद्राची रास आणि नक्षत्र यांवरून निघतात. पहिल्या कागदावर रास, नक्षत्र आणि चरण लिहिलं की पंचांगातल्या कोष्टकावरून कोणीही गुण काढू शकतं. नक्षत्र साधारण 27 दिवसांनी फिरून येत असल्यामुळे वय सांगितलं तरी त्यावरून नेमकी तारीख कळत नाही. मंगळाचं मात्र वेगळं आहे. त्यासाठी लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढावी लागते आणि तिच्यासाठी वेळ आणि गाव हवंच. ज्योतिषाकडून आधी बघून घ्या आणि पहिल्या कागदावर ‘मंगळ आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा. कुंडली दुसऱ्या कागदासोबत.

तारखेबद्दल एवढा आग्रह का? कारण आपल्याकडे तारीख हीच कितीतरी कुलपांची किल्ली आहे. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकर खात्याकडून येणाऱ्या नोटिशीच्या फाइलला पॅन आणि जन्मतारीख लागते. काही बँकांच्या स्टेटमेंटला नावाची चार अक्षरं आणि तारीख-महिना चालतो. फोनवर ओळख पटवतानाही पहिला प्रश्न जन्मतारखेचाच असतो. बायोडेटात नाव, तारीख, मोबाइल नंबर आणि पत्ता एकाच पानावर मिळतात. वर ‘मामाकुळ’ या रकान्यात आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न! मामाकुळ सोयरीक जुळवताना लागतं हे खरंच आहे, पण ते दुसऱ्या कागदावर चालतं. पहिल्यावर जिल्हा, पोटजात सांगायची असेल तर ती, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र पुरे. कंपनीचं नाव नको. पगार आकड्यात न लिहिता टप्प्यात लिहा. शेती असेल तर एकर आणि तालुका लिहा, गट नंबर नको. गट नंबर मिळाला की सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा कोणालाही दिसतो. बोलणी पुढे गेल्यावर समोरच्यांनी तो जरूर बघावा.

फोन नंबर हा नेहमीचा, बँकेला जोडलेला कधीच देऊ नका. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की खातेदाराचं नाव समोर येतं. वेगळं साधं सिम घ्या, ते वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या फोनमध्ये ठेवा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपची दोन खाती एकाच फोनवर चालतात.

फोटोत पाठीमागे घराची पाटी, गाडीचा नंबर, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र दिसतंय का ते बघा आणि कापा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो कुठे काढला त्याची नोंद फाइलमध्ये राहू शकते. साध्या फोटोसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप ती काढून टाकतं. जुन्याच बायोडेटातल्या पत्त्यावर फोनच्या मार्करनं काळं फासणं टाळा. तो मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. पीडीएफवर ठेवलेला काळा चौकोनही सरकवता येतो. नवीन पान टाइप करा. फुकट बायोडेटा बनवून देणाऱ्या अ‍ॅपपेक्षा साधं वर्ड बरं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली तर फाइल डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला सांगा. अजिबात न लाजता सांगा.

एक छोटी युक्ती फार उपयोगी पडते. प्रत्येक ग्रुपला किंवा मंडळाला जाणाऱ्या प्रतीच्या कोपऱ्यात वेगळी खूण ठेवा: क-1, क-2. उद्या तो फोटो भलत्याच ‘विवाह केंद्रा’च्या जाहिरातीत दिसला किंवा नोंदणी फी मागणारे फोन सुरू झाले, तर प्रत कुठून फुटली ते कळतं. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.

कायदा आहे, पण त्याची हद्द ओळखा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. मात्र एखाद्या व्यक्तीनं घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो लागूच होत नाही. आत्याबाईंनी बायोडेटा चार ग्रुपवर पुढे ढकलला तर या कायद्याखाली तक्रार नाही. फी घेऊन संगणकात यादी ठेवणारं मंडळ मात्र त्यात येतं. त्याच्याकडे संमती मागे घेता येते, माहिती पुसायला सांगता येतं. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर नोंदणीच्या अर्जावरच ‘लग्न ठरल्यावर माहिती काढून टाकावी’ असं लिहून सही घ्या.

आणि त्या लपवण्याच्या शंकेबद्दल. ग्रुपवर न लिहिणं वेगळं आणि ठरवताना न सांगणं वेगळं. आजार, आधीचं लग्न, डोक्यावरचं मोठं कर्ज हे बैठकीआधी, समोरासमोर सांगायलाच हवं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार महत्त्वाची गोष्ट फसवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द ठरवून मागता येतं.

लग्न ठरलं की त्याच आठवड्यात प्रत्येक ग्रुपच्या अ‍ॅडमिनला बायोडेटा काढायला सांगा. तुमच्याकडून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंतच होतं. शेवटी त्या वेगळ्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप खातं आधी बंद करा आणि मगच सिम सोडा, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी मिळतो.