न्यू जर्सीत स्कॅनर लावताना

आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीतली मराठी मंडळी अजून विसरलेली नाहीत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री तो धो धो कोसळला आणि रॅरिटन नदीने मॅनव्हिल, बाउंड ब्रुकसारखी गावं पाण्यात घातली. आमच्याकडे वीज गेली, मोबाइलही नीट चालेना. शेजारचे आजोबा मात्र पोर्चमध्ये बसून कुठला रस्ता बंद झालाय, कुठे बोट पाठवलीय, ते सांगत होते. उभा जन्म स्वयंसेवक अग्निशामक दलात काढलेला माणूस. मांडीवर जुना स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळत इतरांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र. असं यंत्र आपल्याकडेही हवं, हे तेव्हाच डोक्यात बसलं. प्रत्यक्ष घ्यायला बराच काळ गेला.

लोक याला ‘पोलीस स्कॅनर’ म्हणतात आणि थेट दुकान गाठतात. आजोबांनी मला आधी गृहपाठ करायला लावला, आणि तो फार कामाला आला. आपलं गाव रेडिओवर कसं बोलतं, ते कळल्याशिवाय कुठलं यंत्र घ्यायचं हे ठरतच नाही. त्यासाठी एफसीसीची, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाची, परवान्यांची यादी सगळ्यांना खुली आहे. काउंटी टाकली की अग्निशामक दल, शाळा, रुग्णालयं, टॅक्सीवाले, सगळ्यांचे परवाने समोर येतात. ती वाचायची कशी, हे मात्र शिकावं लागतं. एकाच परवान्यावर ४५३ मेगाहर्ट्झची एक फ्रिक्वेन्सी दिसते आणि बरोबर ५ मेगाहर्ट्झ वर दुसरी. त्यातल्या जिच्यापुढे ‘एफबी२’ लिहिलंय, ती रिपीटरची, म्हणजे डोंगरावरच्या किंवा पाण्याच्या टाकीवरच्या टॉवरची. आपल्याला तीच हवी. दुसरीवर गाड्यांमधले आणि हातातले सेट टॉवरशी बोलतात. ती स्कॅनरमध्ये भरली तर गाडी अगदी दारात आल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

दुसरी खूण म्हणजे परवान्यावरचा तो अगम्य कोड. ‘११के२एफ३ई’ असं असेल तर साधा अॅनालॉग आवाज, अरुंद पट्ट्यातला. २०१३ च्या १ जानेवारीपासून ५१२ मेगाहर्ट्झखालच्या बहुतेक सगळ्या व्यावसायिक आणि सरकारी सेटना २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्झमध्ये भागवावं लागतं, त्याचा हा परिणाम. ‘८के१०एफ१ई’ असेल तर तो पी२५, म्हणजे पोलीस-अग्निशामक दलं वापरतात ती डिजिटल पद्धत. साध्या स्कॅनरवर तो नुसता घरघरतो.

आणि ट्रंकिंग असेल, म्हणजे अनेक गट मोजक्याच फ्रिक्वेन्सी वाटून वापरत असतील, तर फ्रिक्वेन्सी पाठ करून उपयोगच नाही. बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखं असतं ते: एक कंट्रोल चॅनल सतत सांगत राहतो की अमुक गटाने आता तमुक खिडकीवर जा, आणि पुढचं वाक्य तिसऱ्याच खिडकीवर होतं. त्या गटाला टॉकग्रुप म्हणतात. स्कॅनरला कंट्रोल चॅनल ऐकून मागोमाग धावता आलं पाहिजे. वर अनेक टॉवर एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतील, ज्याला सायमलकास्ट म्हणतात, तर महागडे स्कॅनरही अडखळतात. युनिडेनचा एसडीएस१०० त्यासाठीच लोक घेतात, पण त्याला साडेसहाशे-सातशे डॉलर मोजावे लागतात.

रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावरच्या यादीत माझ्या भागातल्या टॉकग्रुपपुढे कुठलं अक्षर आहे ते पाहिलं. ‘डी’ म्हणजे डिजिटल, ‘टी’ म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा पी२५. त्याला इंग्रजी मोठं ‘ई’ चिकटलेलं असेल तर कायमचं एन्क्रिप्शन (बोलणं सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणं), छोटं असेल तर अधूनमधून. पोलिसांच्या ओळींमध्ये मोठ्या ‘ई’ची रांगच होती. एन्क्रिप्ट केलेलं कुठल्याच स्कॅनरवर ऐकता येत नाही, मग तो सातशेचा का असेना. आमच्या अग्निशामक दलाची बोलावण्याची फ्रिक्वेन्सी मात्र अजून साधी, अॅनालॉग. म्हणून मी युनिडेनचाच छोटा बीसी१२५एटी घेतला, शंभर-सव्वाशे डॉलरचा. ५०० चॅनल, ५०-५० च्या १० बँका. घराघरांत यापेक्षा जास्त क्वचितच लागतं, असं माझं मत आहे. शेजारी सातशेचा घेऊन बसलाय म्हणून आपण घेऊ नये.

बटणं दाबून चॅनल भरता येतात, पण दोन-चार भरल्यावरच बोटं कंटाळतात. केबल लावून कंपनीचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं की सगळं तक्त्यासारखं दिसतं: फ्रिक्वेन्सी, १६ अक्षरांपर्यंत नाव, मॉड्युलेशन, टोन, डिले, लॉकआउट, प्रायॉरिटी. अग्निशामक दल पहिल्या बँकेत, रेल्वे दुसऱ्या, विमानं तिसऱ्या. स्कॅन चालू असताना १ ते ० या बटणांनी बँक चालू-बंद होते, म्हणून मिसळून भरण्यापेक्षा विषयवार भरलेलं बरं. मॉड्युलेशन ‘एनएफएम’, म्हणजे अरुंद पट्ट्याचं एफएम, ठेवायचं. नुसतं ‘एफएम’ राहिलं तर आवाज बारीक येतो आणि आपण उगाच अँटेनाला दोष देतो.

टोनची गंमत मला आधी कळली नव्हती. उन्हाळ्यातल्या दमट पहाटे आमच्याच फ्रिक्वेन्सीवर कुठल्या तरी लांबच्या काउंटीतली रुग्णवाहिका बोलायला लागायची. हवेच्या थरांमुळे लहरी लांब जातात, त्याचा हा प्रकार. आवाजाखाली ऐकू न येणारा बारीक टोन असतो, ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला. चॅनलला टोन ‘सर्च’वर लावून ठेवला आणि आपल्या दलाचा पुढचा कॉल आला की पडद्यावर आकडा दिसतो. तो पक्का करून टाकला की परकी रुग्णवाहिका गप्प.

मग आला कंटाळवाणा भाग: काय बंद करायचं. कुठला तरी चॅनल नुसता पीं-पीं करत राहतो आणि सगळा स्कॅन अडवून धरतो. लॉकआउटचं बटण एकदा दाबलं तर तात्पुरता, पटकन दोनदा दाबलं तर कायमचा बाहेर. ‘क्लोज कॉल’ नावाची सोय जवळचा जोरदार सिग्नल आपोआप पकडते. त्यातून मला शाळेच्या बसचा चॅनल सापडला, पण रुग्णालयाच्या पेजरनेही भरपूर वैताग दिला.

ऐकायला काय मिळतं म्हणाल, तर अग्निशामक दलाचे बहुतेक कॉल ऑटोमॅटिक अलार्मचे. बंब निघतो, पोचतो, आणि ‘बर्न्ट फूड’ म्हणून परत फिरतो. आमच्या भागातली देशी वस्ती बघता त्यातल्या निम्मे तरी फोडणीचे असावेत, अशी माझी शंका आहे. बायकोने एकदा ते ऐकून चिमणी चालू केली आणि मिरच्या नंतर घातल्या.

रेल्वे मला सगळ्यात आवडली. मेट्रोपार्क, एडिसन, न्यू ब्रन्सविकवरून जाणाऱ्या ईशान्य मार्गावर अॅमट्रॅकचा रोड चॅनल १६०.९२० मेगाहर्ट्झ. गाडी का थांबली, हे स्टेशनवरच्या पाटीआधी इथे कळतं. मालगाड्यांच्या मार्गांवर गाडीतले दोष तपासणारं रुळाशेजारचं यंत्र स्वतःच बोलतं: मैलाचा आकडा, ‘नो डिफेक्ट्स’, एकूण आस (अॅक्सल) किती. विमानांसाठी न्यूअर्कचा टॉवर ११८.३, इथे एएम लागतं, पण यंत्र ते आपोआप निवडतं. हवामानाचा न्यूयॉर्कचा चॅनल १६२.५५०. पुढच्या वादळात मला हाच सर्वांत आधी लावायचा आहे.

पोलिसांबद्दल थोडं. बरेचसे विभाग आता बंद दाराआड गेलेत. न्यूयॉर्क पोलिसांनीही २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. रेडिओवर लोकांची नावं, जन्मतारखा जातात, ही अडचण खरी. पण पुरासारख्या वेळी कुठला रस्ता बंद आहे हेही त्याच कुलपात जावं, हे मला पटत नाही.

कायदाही बघून ठेवा. उघड्यावर चाललेलं बोलणं घरी ऐकायला इथे हरकत नाही, पण राज्याराज्यांत गाडीचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारं यंत्र परवानगीशिवाय गाडीत बसवणं गुन्हा आहे, म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडायचा असेल तेव्हा माझा स्कॅनर घरीच राहतो. मेहुण्याने विचारलं, ‘येताना पुण्याला एक आणशील का?’ त्यालाही नाहीच सांगितलं. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनतारी यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागत आलाय. तिकडे ऐकायचंच असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ परवान्याची, परीक्षा दे म्हटलं. त्याने पुस्तकं मागवलीत.