घाट उतरला की निमाड?

माळव्याचं पठार संपून खालचा नर्मदाकाठचा प्रदेश, निमाड, कुठे सुरू होतो, यावर इंदूरच्या मराठी मंडळींचं उत्तर तयार असतं: घाट उतरला की निमाड. खंडवा रस्त्याला भेरूघाट, महू-मंडलेश्वर रस्त्याला अहिल्याबाईंचा जाम दरवाजा, विषय संपला. हवेपुरतं ते खरंही आहे. इंदूर सुमारे ५५० मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. एवढ्या उतारात पारा दोन-अडीच अंश वर चढतो आणि माळव्याच्या गार रात्री वरच राहतात.

घोळ सुरू होतो पाण्यापासून. नर्मदेला मिळेल ते निमाड म्हणावं, तर चोरल नदी उगवते पठारावर आणि पाताळपाणीला कड्यावरून कोसळते. म्हणजे महूजवळचा थोडा माळवाही निमाडात टाकावा लागेल. जिल्ह्यांच्या हद्दींचं तर नावच नको. चोरल गाव घाटाखाली, पण जिल्हा इंदूर. धरमपुरी, मनावर, कुक्षी निमाडात, पण जिल्हा धार. वर सोयाबीन आणि खाली कापूस-मिरची हेही आता धड उरलेलं नाही, सोयाबीन केव्हाच घाट उतरलं.

माझा भरवसा गणगौरीवर, म्हणजे तिकडच्या गौरीच्या सणावर. ती दोन्हीकडे आहे, पण निमाडात तिचा थाट निराळा. चैत्र वद्य एकादशीच्या सुमारास, म्हणजे आपल्या पंचांगातल्या फाल्गुन वद्यात, छोट्या टोपल्यांत माती-खत घालून गहू पेरतात. या टोपल्या 'बाडी'त, अंधाऱ्या खोलीत ठेवून रोज पाणी शिंपतात. ऊन न लागल्यामुळे अंकुर पिवळसर, लांबसडक वाढतात. तेच जवारे, तीच देवी. मग देवी रनुबाई आणि तिचा पती धणियर राजा यांचे रथ डोक्यावर घेऊन नाचतात. चैत्र शुद्ध तृतीयेच्या सुमारास तिकडे पाठवणीची गडबड असते, आणि त्याच तृतीयेला आपल्याकडे चैत्रगौर बसते! ज्या गावात बाडी, ते गाव निमाडी, मग जिल्हा कुठलाही असो.

पण या मापालाही एक खोट आहे, आणि ती वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू सोयीस्कर विसरतात. घाटाचा उतार काही ओसाड नाही. मधल्या डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि भिलाला आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्यांची घरं दाटीने नसतात, प्रत्येकाचं आपापल्या शेतात, आणि अशा काही घरांचा मिळून एक फलिया. होळीआधीच्या आठवड्यात त्यांचे नेहमीचे आठवडी बाजारच भगोरियाच्या जत्रा होतात. मांडू माळव्याच्या सुलतानांची राजधानी, रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडाचं मैदान दिसतं, म्हणून ते नेमकं सीमेवरचं ठिकाण मानतात. भोवतालची गावं मात्र भिल्लांची. तिथे एक रेघ ओढून भागत नाही, दोन लागतात, आणि मधला पट्टा ना माळव्याचा ना निमाडाचा.

दक्षिणेला बऱ्हाणपूरचं भांडण वेगळंच. २००३ पर्यंत ते पूर्व निमाड (खंडवा) जिल्ह्यात होतं, तेवढ्यावर निमाडवाले हक्क सांगतात. फारुकी सुलतानांची खानदेशची राजधानी, तापीकाठच्या केळीच्या बागा, बाजारात कानावर पडणारी मराठी... जुन्या जिल्ह्याच्या नावाखेरीज त्यात निमाडी काय आहे, ते त्यांनी सांगावं.