स्माइलला किती मार्क?

"बिल, साहेब" म्हणत वेटरने ट्रे पुढे केला आणि माझी नजर त्याच्या हातांवर गेली. पेरापेरांवर भेगा. प्रत्येक टेबल पुसलं की सॅनिटायझर, दिवसभर.

२०२० साल, कोरोनाचे दिवस. सात महिन्यांनी हॉटेलात बसलो होतो. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबरपासून हॉटेलांना निम्म्या क्षमतेची परवानगी होती, त्यामुळे एकाआड एक टेबलावर फुली. मी आपलं सहज म्हटलं, "बरंय, गर्दी निम्मी म्हणजे कामही निम्मं."

"टेबलं निम्मी, पगारही निम्मा," तो मास्कमधूनच म्हणाला. "पोरं मात्र पावच उरलीत. बाकीची गावाहून परत आलीच नाहीत."

ताप त्याचा रोज दोनदा बंदुकीसारख्या थर्मामीटरने मोजत म्हणे. घरी म्हातारी आई, म्हणून हा रात्री बाहेर पडवीत झोपायचा. ही काळजी मोजायची बंदूक अजून निघालेली नाही.

बिलासोबत अभिप्रायाचं कार्ड होतं, लॉकडाऊनच्या आधीचंच छापलेलं. जेवण, स्वच्छता, सेवा, आणि चौथा रकाना: 'कर्मचाऱ्यांचं हास्य'.

मास्क, वर फेसशील्ड. मला दिसले ते फक्त डोळे, तेही जागरणाने लाल.

पाचपैकी पाच दिले. (चार दिले असते तर उगाच त्याला कुणी बोललं असतं.)

मास्क नव्हते तेव्हा तरी त्या रकान्यात आपण नक्की काय मोजत होतो?