पन्हाळ्यावरून घेरियाला

आम्ही कोल्हापूरकर पन्हाळ्याला इतक्या वेळा जातो, की तो कुणी बांधला हे लक्षातही राहत नाही. शिलाहार राजा दुसरा भोज. १२ व्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या याच भोजानं वाघोटण खाडीच्या तोंडावर, ऐन समुद्रात, आणखी एक किल्ला उभा केला. तो विजयदुर्ग. गिर्ये गावामुळं त्याचं जुनं नाव घेरिया. डोंगरावरच्या राजाला समुद्र कशाला हवा होता, हे तिथं जाऊन बघायचं कित्येक वर्षं मनात होतं. मुद्दाम माघी पौर्णिमा गाठली. पौर्णिमेला संध्याकाळची ओहोटी लांबवर जाते आणि एरवी बुडालेलं बरंच काही उघडं पडतं.

सोबत माझे चुलते, अण्णा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. गगनबावड्याला थांबलो. समोरचा गगनगडही भोजाचाच. तिथून करूळ घाट उतरायला लागलो आणि माझं मलाच उत्तर मिळालं. बंदरात उतरलेला माल असल्याच घाटांनी वर देशावर यायचा. बंदर, घाट आणि पन्हाळा एका हातात असले की जकातही त्याच हातात. तळेरे, मग पडेल कॅन्टीनला चहा, आणि दुपारी विजयदुर्ग.

जिबीच्या दरवाजातून आत गेलो. खलबतखाना, तिहेरी तटबंदी, बुरूज सगळं भरभर पाहिलं, कारण जीव ओहोटीकडं लागला होता. सहाच्या सुमाराला खडकांवर उतरलो. पाणी मागं सरकलं होतं आणि तटाचे खालचे थर शेवाळलेले, ओले, कालवं चिकटलेले असे समोर उभे होते. अण्णा जवळ गेले आणि एका सांध्यावरून बोट फिरवत राहिले. खाऱ्या वाऱ्यानं दगड आत खोल झिजलाय आणि त्याच्या चारी बाजूंचा चुना तेवढा बाहेर राहिलाय, मधाच्या पोळ्यासारखा. "दगड गेला, पण चुना बघ की. हाय तसा हाय," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पण मी गेलो होतो ते जे ओहोटीलाही दिसत नाही त्याच्यासाठी. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी एक भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिची पाहणी केली आहे. लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७ आणि उंची ३ मीटर. मराठ्यांची गुराबं, गलबतं उथळ पाण्यातही चालायची. शत्रूच्या मोठ्या जहाजांचा तळ मात्र खोल, ती या भिंतीवर आपटायची, असं इथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. एका होडीवाल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "वरसून काय्येक दिसणा नाय. पण आमी थंय जाळी टाकणव नाय, अडाकतत." त्यांनी हात केला तिकडं पाणी अगदी सपाट होतं. तरी मी तिकडंच बघत बसलो.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज इथून हात हलवत परतले, १७२४ साली डचही परतले. अखेर फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हनं किल्ला घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथंच जळालं. आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. किनाऱ्यावर उभं राहून हे आठवलं की आजही आत कुठंतरी तुटतं. समुद्रावर इंग्रजांना दरारा वाटेल असं आपलं बळ आपल्याच माणसांनी त्यांच्या मदतीनं मोडलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत पन्हाळा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. भोजाचे दोन किल्ले एकाच यादीत आले याचा मला फार आनंद आहे. आता तटाला फुटलेली झाडं काढायला आणि ढासळलेला भाग बांधायला उशीर होऊ नये. अण्णांनी तर कुठं कुठं चुना भरायला हवा, ते बोटानं दाखवलंही.

अंधार पडला तशी भरती लागली. पहिली लाट आम्ही उभे होतो त्या खडकावर आली, तिच्या पुढच्या चार-पाच लाटांत कालवांचा थर दिसेनासा झाला. सकाळी गिर्येची खडकात कोरलेली गोदी बघायची ठरलं होतं. अण्णांनी चपला हातात घेतल्या आणि म्हणाले, "चल, उद्या लवकर उठायचंय."